तिच्या कपातली कॉफी

"आज तुम्ही ही घ्या," असं म्हणून तिनं आपला निळ्या काठाचा कप टेबलावरून पुढं सरकवला आणि कान तुटलेला मास्तरांचा कप स्वतःकडं ओढून घेतला.

मास्तरांचा हात हवेतच राहिला.

"का गं? एकाच पातेल्यातली तर आहे."

"मग झालं तर! एकच आहे ना? घ्या."

आवाज चढलेला नव्हता, आणि हेच जास्त वाईट होतं. ती ओरडली असती तर काय करायचं ते मास्तरांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी ते त्यांनी भरपूर केलं होतं. पण ती कामावर जायचे कपडे घालून, पर्स मांडीवर घेऊन शांत बसली होती आणि त्यांच्या हाताकडं बघत होती. गणवेश शिवायच्या कारखान्यात ती काजं करायची. दिवसभर सुईच्या टोकाकडं बघून तिची नजर अशी झाली होती की एक टाका चुकलेला तिला हातभर लांबून दिसायचा.

आता त्या कपात काय होतं ते सांगितलंच पाहिजे. त्या कपात औषधाचे थेंब होते. रंग नाही, वास नाही, चव नाही. रोज सकाळी ती आंघोळीला गेली की मास्तर आपल्या हत्यारांच्या पिशवीतून एक बाटली काढत, निळ्या काठाच्या कपात थेंब मोजून टाकत आणि वरून कॉफी ओतत. दोन वर्षं हे चाललं होतं, आणि तिला पत्ता नव्हता.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत हो. माणूस लिफ्ट दुरुस्त करणारा. नव्या लोकांना काम शिकवता शिकवता लिफ्टमास्तर झाले आणि मग नुसतेच मास्तर उरले. स्वभावानं सरळ. कुणाला फसवायला गेले तर स्वतःच घामाघूम होतील असे. अशा माणसानं दोन वर्षं बायकोला फसवलं, ते का, हेही ऐका.

त्या वेळी तिला शिलाई मशिनीच्या घरघरीतून बायकांची कुजबूज ऐकू यायला लागली होती. सगळ्या आपल्याबद्दलच बोलतात म्हणून तिनं काम सोडलं. मग घराच्या खिडक्यांना आतून कागद चिकटवले. मग जेवण सोडलं. आणि एका भर दुपारी ती अनवाणी जाऊन मोठ्या रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. गाड्या करकचून ब्रेक मारत होत्या, लोक शिव्या घालत होते आणि ती म्हणत होती, "मला इथंच थांबायला सांगितलंय." मास्तरांनी तिला कमरेला धरून उचलून बाजूला आणलं. तिची टाच रक्ताळली होती.

डॉक्टरबाईंनी आजार समजावून सांगितला होता. हा मनाचा कमकुवतपणा नाही, कुणी केलेली करणी नाही, औषधानं आटोक्यात येणारा आजार आहे. पण औषध घेणार कोण? "मला काय झालंय? बोलतात त्या बायका, त्यांना पाजा औषध," हे तिचं उत्तर. तेव्हा बाईंनी नाइलाजानं ते थेंब लिहून दिले. देताना बजावलं, "ही पळवाट आहे, रस्ता नव्हे. थोड्या दिवसांपुरती. त्यांचं डोकं शांत झालं की त्यांना सगळं सांगायचं. इथं, माझ्यासमोर सांगा हवं तर. पण सांगायचंच."

डोकं शांत झालं. कागद निघाले, खिडक्या उघडल्या. ती हसायला लागली, कामावर परत गेली. आणि मास्तरांची जीभ काही उचलली गेली नाही. तिची थोरली बहीण म्हणाली, "कशाला सांगताय? सुरळीत चाललंय त्यात खोडा कशाला?" मास्तरांना तेवढंच निमित्त हवं होतं. सांगितलं आणि तिनं औषध सोडलं तर? पुन्हा तो रस्ता, पुन्हा ती टाच? आज सांगू, उद्या सांगू करता करता त्यांनी एक दिवस दवाखान्याच्या जिन्यात बाईंनाच सांगून टाकलं, "सांगितलं मी तिला. घेते आता आपणहून." बाईंना बरं वाटलं. पुढं बाई तिला विचारत, "औषध घेता ना वेळेवर?" आणि ती म्हणे, "घेते की." तिला वाटे, रात्रीची झोपेची छोटी गोळी. बाईंना वाटे, थेंब. आणि मास्तर दोघींच्या मधे बसून रुमालानं मान पुसत.

पण ती काजं करणारी बाई! मागच्या खेपेला ती बाईंसमोर अचानक रडायला लागली. "माझ्या कॉफीत काहीतरी असतं. प्यायले की तासाभरात हात जड होतात. घरात कुणीतरी मला काहीतरी घालतंय." बाईंनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी मान खाली घालून हळूच सांगितलं, "संशय पुन्हा सुरू झालाय." बाईंनी थेंब वाढवून चिठ्ठी मास्तरांच्या हातात दिली. म्हणजे बघा, संशय आला म्हणून औषध वाढलं, औषध वाढलं म्हणून हात आणखी जड झाले, आणि हात जड झाले म्हणून संशय आणखी वाढला. हे सगळं मास्तरांना कळत होतं, आणि तरी ते रोज सकाळी थेंब मोजत होते.

"घेताय ना?" ती म्हणाली. "निवतेय."

नाही म्हटलं तर संपलंच सगळं. मास्तरांनी निळ्या काठाचा कप उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला.

"झालं समाधान?"

"बघू," ती म्हणाली.

*

पहिला तास बरा गेला. जोडीदाराच्या, म्हणजे लंबूच्या, दुचाकीवर मागं बसून मास्तर एका उंच इमारतीत पोचले. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे लिफ्ट अडकली होती. आत एक म्हातारी एकटी होती.

अडकलेल्या माणसाशी कसं बोलायचं, ह्याबद्दल मास्तरांचा एक कायदा होता आणि नव्या माणसाला ते तो पहिल्या दिवशी शिकवत. खोटं बोलायचं नाही. अर्धा तास लागणार असेल तर अर्धाच तास सांगायचा. "दोन मिनिटं हं आजी" असं म्हणालात की तिसऱ्या मिनिटाला आतल्या माणसाचा तुमच्यावरचा विश्वास उडतो. मग तो स्वतः दार ओढायला लागतो, फटीतून बाहेर पडायला बघतो, आणि माणसं मरतात ती लिफ्ट पडून नव्हे, अशी मरतात. मास्तरांनी हे शंभरदा सांगितलं असेल. स्वतःच्या घरात तेवढं लागू केलं नव्हतं.

"आजी, मी लिफ्टवाला आलोय," मास्तर दाराला तोंड लावून म्हणाले. "घाबरू नका. हवा येतेय ना? खाली बसून घ्या. वर जाऊन यंत्र सोडवायला लागेल. वीस मिनिटं धरा."

"वीसच ना रे बाबा? आधीचा दोन म्हणून गेला, तो गेलाच."

"वीस. जास्त लागली तर मी येऊन सांगेन."

लंबूला दारापाशी उभं करून मास्तर जिना चढू लागले आणि दोन मजल्यांतच त्यांचे पाय शिशाचे झाले. जीभ टाळ्याला चिकटली. गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत पोचेपर्यंत पापण्या मिटायला लागल्या होत्या. ते भिंतीला टेकले. डोळ्यांसमोर ती आली, सकाळी कामाला निघताना दाराच्या चौकटीला असंच टेकणारी. "चल की, उशीर होतोय," असं ते म्हणायचे. असं टेकून उभं राहण्यात काय असतं ते त्यांना आज कळलं.

त्यांनी ब्रेक सोडवायचा दांडा उचलला, खाचेत बसवला आणि जोर लावणार, इतक्यात मागून लंबू ओरडला.

"मास्तर! मेन बंद नाही केला!"

खरंच, मोठा खटका चालूच होता. तसाच ब्रेक सोडला असता आणि त्याच क्षणी वीज खेळली असती, तर मास्तरांचा हात चाकात आणि म्हातारी कुठं, देव जाणे. नव्या माणसानंही करू नये अशी चूक. मास्तरांनी दांडा खाली ठेवला.

"काय झालंय काय तुम्हाला?" लंबू म्हणाला. "म्हातारी हाका मारायला लागली म्हणून बघायला आलो वर. बरं झालं आलो! रात्रभर जागलात काय?"

"लंबू, आज माझं डोकं ठिकाणावर नाही. तू कर. मी हात लावत नाही."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मास्तर स्वतःच चमकले. हे वाक्य लोक त्यांच्या बायकोबद्दल बोलत. ते कठडा धरून पाचव्या मजल्यावर उतरले आणि दाराशी बसले.

"आजी, वीस मिनिटांत होत नाही. माझी तब्येत बिघडलीय. दुसरा माणूस करतोय, माझ्याइतकाच तयार आहे. अजून पंधरा मिनिटं लागतील."

आतून म्हातारी म्हणाली, "खरं बोललास ते बरं केलंस. बसते मी."

लिफ्ट हळूहळू वर सरकली, दार उघडलं आणि म्हातारी बाहेर आली. मास्तरांचा चेहरा बघून तीच म्हणाली, "अरे, तूच बस आता खाली!"

*

लंबूनं दुपारीच घरी आणून सोडलं. ती कामावर गेलेलीच नव्हती. सकाळच्याच खुर्चीत, सकाळच्याच कपड्यांत, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. समोर निळ्या काठाचा कप तसाच, न विसळलेला.

"झोप येतेय ना?" तिनं विचारलं. "तोंडाला कोरड पडली असेल. उभं राहिलं की गरगरतंय."

मास्तर दाराला टेकले. अजून वेळ गेलेली नव्हती. अंगात कसकस आहे म्हणता आलं असतं, उन्हाचा त्रास म्हणता आलं असतं. एक खोटं पचवायला दुसरं, हा धंदा दोन वर्षं जमला होता. आणि खरं सांगितलं तर काय होणार तेही दिसत होतं. औषध बंद, खिडक्यांना कागद आणि एक दिवस तो रस्ता.

"औषध होतं," मास्तर म्हणाले. "तुझं औषध. रोज असतं. दोन वर्षं मीच घालतोय."

ती पर्सचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना माहीत होतं?"

"सुरुवातीला. तुला सांगायला सांगितलं होतं त्यांनी. सांगितलं असं मी खोटंच सांगितलं."

"आणि त्या दिवशी मी रडले तेव्हा?"

मास्तर चपला काढायला वाकले.

"बोला ना. मी रडून सांगितलं, कॉफीत काहीतरी असतं. तुम्ही शेजारी बसला होतात. काय म्हणालात?"

"संशय पुन्हा सुरू झालाय म्हणालो."

"अहो, माझं सगळं खोटं होतं हो! त्या बायका खोट्या, ते आवाज खोटे. कबूल आहे मला. ते कबूल करताना काय होतं ते मला माहीत. स्वतःच्या कानावर विश्वास ठेवायचा नाही, डोळ्यांवर ठेवायचा नाही. मग ठेवायचा कुणावर? तुमच्यावर ठेवला. तुम्ही म्हणालात काही नाही, तर काही नाही. आणि एक गोष्ट, एकच गोष्ट मला खरी कळली होती, तीही तुम्ही वेडात जमा केलीत!"

ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली.

मास्तरांची झोप पार उडाली. त्या खोलीला खिडकी होती, तिच्या झोपेच्या गोळ्यांचा डबा होता, कात्र्या होत्या. त्यांनी दार ठोठावलं. "अगं, उघड. दोन मिनिटं उघड." आणि 'दोन मिनिटं' म्हटल्याबरोबर ते थांबले. बसले तिथंच, दाराला पाठ लावून.

"ऐकतेस? मी इथं बाहेर बसलोय. दार तोडणार नाही. पण मला भीती वाटतेय, म्हणून अधूनमधून हाक मारीन. तेवढी ओ दे. नाही दिलीस तर मात्र लंबूला बोलावून दार काढीन. हे आधीच सांगून ठेवतो."

बराच वेळ गेला. "आहेस ना?" मास्तरांनी हाक मारली.

"आहे."

पुन्हा बराच वेळ. मग आतून आवाज आला, "बाटली कुठं आहे?"

"माझ्या हत्यारांच्या पिशवीत. पान्यांच्या डब्यात."

"आणा."

मास्तरांनी बाटली आणली. कडी निघाली, दार बोटभर उघडलं, हात बाहेर आला. बाटली हातात देताना मास्तरांच्या मनात आलं, ही आता मोरीत ओतणार, आणि आपण काही म्हणू शकत नाही. दार लागलं. आत काय होतंय ते कळायला मार्ग नव्हता. "आहेस ना?" त्यांनी परत विचारलं. "आहे हो," ती वैतागून म्हणाली. "वाचतेय. अक्षर किती बारीक छापतात मेले."

*

दुसऱ्या दिवशी ती आपणहून दवाखान्यात निघाली. मास्तर मागं मागं. बाटली तिच्या पर्समध्ये होती आणि तिनं ती बाईंच्या टेबलावर ठेवली. "हे मला दोन वर्षं न सांगता पाजलं. त्या दिवशी मी खरं बोलत होते."

डॉक्टरबाईंनी मास्तरांकडं असं पाहिलं की त्यांना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बाई आधी तिच्याशी बोलल्या.

"माझंही चुकलं. औषधाचं नाव घेऊन मी थेट तुम्हाला विचारायला हवं होतं. तुमच्याबद्दल त्यांना विचारलं. तुमचं खरं होतं आणि मी डोस वाढवला. तो आज कमी करू. पण मला तुम्हाला दुसरीही गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षं तुम्ही बऱ्या आहात त्याला हे औषधही कारण आहे. एकदम सोडलं तर आजार उलटायची भीती आहे. आजच उलटेल असं नाही, उलटणारच असंही नाही. पण भीती आहे."

"ते आवाज परत येतील?"

"येऊ शकतात. आले तर काय करायचं, कुणाला सांगायचं, ते आपण आत्ताच ठरवून ठेवू. औषध गोळीतही मिळतं. गोळीनंही थोडं जडपण येईल, ते मी लपवत नाही. जमत नसेल तर दुसरं बघू. पण आता ठरवायचं तुम्ही."

"आणि मी नाही म्हटलं तर? मला बांधून पाजाल?"

"नाही. जिवावर बेतलं तर कायद्यानं काही करावं लागतं, तेही तुम्हाला सांगून. कॉफीतून कधीच नाही."

ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मास्तरांचे ओठ हलत होते. घे गं, हो म्हण गं, एवढंच ते मनात म्हणत होते. पण आपलं तोंड उघडायचा हक्क आता आपल्याला नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"गोळ्या लिहून द्या," ती शेवटी म्हणाली. "घ्यायच्या की नाही ते घरी जाऊन ठरवते."

दोन सकाळी पाकीट तसंच पडून राहिलं. मास्तरांना घास उतरेना, पण त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्या सकाळी ती स्वयंपाकघरात आली, काजाच्या कात्रीनं पाकिटाचा कोपरा कापला, गोळी तळहातावर घेऊन नीट उलटसुलट बघितली आणि नळाच्या पाण्याबरोबर गिळली. मग मास्तरांकडं वळून म्हणाली, "तुमच्यासाठी नाही घेतली. टाच दुखते अजून थंडीत, म्हणून घेतली."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि तोंड फिरवून उगाच फडकं पिळत राहिले.

त्यालाही आता बरेच महिने झाले. ती रोज गोळी घेते, कामावर जाते. कधी आवाजासारखं काही वाटलं तर आधी बाईंना फोन करते, मग मास्तरांना सांगते. हसते, भांडते, त्यांच्या सदऱ्याची बटणं लावून देते. "लिफ्टमास्तर, आज कुणाला टांगून आलात?" म्हणून चिडवतेसुद्धा. बाई म्हणाल्या, फार छान चाललंय. आणि खोटं नाही, खरंच छान चाललंय.

फक्त सकाळी शेगडीवर दोन पातेली असतात. एक मास्तरांचं, एक तिचं. "सरका जरा," म्हणते, आपली कॉफी आपण करते, निळ्या काठाच्या कपात आपण ओतते आणि त्यांच्यासमोर येऊन बसते. दोघं गप्पा मारत पितात.

परवा असंच बसले होते. दाराची घंटी वाजली. मास्तर उठायला लागले तर ती म्हणाली, "बसा तुम्ही, मी बघते," आणि उठली. दोन पावलं गेली, थांबली, परत आली. टेबलावरचा आपला अर्धा भरलेला कप तिनं उचलला आणि तो हातात घेऊन दार उघडायला गेली.

मास्तरांनी आपला कप तोंडाला लावला. कॉफी निवली होती, तरी त्यांनी ती संपवली.